गुरुजींचा आवाज

आमच्या भागात मला चेहऱ्यानं ओळखणारे कमी, आवाजानं ओळखणारे जास्त. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात मी ऑपरेटर आहे, बिरवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो, आणि दिवाळीपासून पुढं उन्हाळाभर रविवारी टेनिस बॉलच्या सामन्यांना कॉमेंट्री करतो. दोन ओव्हरच्या मधे माणसं उठून जाऊ नयेत म्हणून मी आवाज काढायचो. पोलादपूर स्टँडवरचा जुना कंट्रोलर, सुकट विकणारी मावशी, आणि सगळ्यांत जास्त मागणी असलेले आमचे गुरुजी.

माझं गाव आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत उतरून जावं लागतं. नदीकाठी खालचं गाव आणि डोंगराच्या कुशीत वरची वाडी, दोन्ही मिळून एक ग्रामपंचायत. गुरुजी खालच्या गावातलेच. तेव्हा ओढ्यावर पूल नव्हता, वरच्या वाडीतली पोरं पावसाळ्यात तो ओलांडून खाली येत नसत, म्हणून गुरुजीच छत्री घेऊन वर चढायचे आणि एकाच्या पडवीत शाळा भरवायचे. चौथीत असताना मी वर्गात त्यांच्यासारखं खाकरून, “म्हणजे काय, तर,” असं त्यांचंच बोलणं करून दाखवत होतो. पोरं हसता हसता एकाएकी गप्प झाली. गुरुजी दारात उभे होते. मला वाटलं आता छडी. त्यांनी मला टेबलापाशी बोलावलं, स्वतः पोरांमध्ये खाली बसले आणि म्हणाले, आता आम्हाला अख्खा धडा ह्याच आवाजात वाचून दाखव. मी वाचला. तेच सगळ्यांत जास्त हसले. पुढं स्नेहसंमेलनात माईक माझ्या हातात पहिल्यांदा त्यांनीच दिला. त्यांची नक्कल मी जिथं जिथं केली तिथं त्यांची परवानगी गृहीत धरून केली, ती अशी.

निवृत्तीनंतर गुरुजींनी एक काम अंगावर घेतलं होतं. महाबळेश्वरच्या रस्त्यामुळं आमच्याकडच्या डोंगरउताराला गिऱ्हाईक लागलं होतं. मुंबई-पुण्याची माणसं फार्महाऊससाठी जागा बघत फिरायची. वरच्या वाडीतल्या जमिनी सामाईक, सातबाऱ्यावर मेलेल्या आज्यापणज्यांची नावं, आणि घरटी एक-दोन माणसं मुंबईला. गुरुजी एकेकाचा सातबारा ओसरीवर उलगडून वाचून दाखवायचे, वारसांची नावं कशी लावायची ते सांगायचे, आणि कुठल्याही कागदावर न वाचता सही करू नका असं बजावायचे. ह्याच कामाच्या जोरावर ते थेट सरपंचाच्या निवडणुकीला उभे राहिले. समोर आमच्याच गावचा एक ठेकेदार होता. रस्त्यांची, बंधाऱ्यांची कामं घेणारा. सगळे त्याला शेठ म्हणायचे. तो आमच्या सामन्यांना यायचा, माझ्या नकला ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा.

मतदानाला आठ-दहा दिवस असताना शेठनं मला पोलादपूरला बोलावून घेतलं. माझी सकाळची पाळी संपली होती. एका दुकानाच्या वर त्याची प्रचाराची खोली होती. तिथं मी रिक्षावर फिरवायची घोषणा रेकॉर्ड केली. ते साधंच काम, चिन्ह, नाव, भरघोस मतांनी. मग जेवण आलं. जेवता जेवता शेठ म्हणाला, गुरुजी कर ना एकदा. मी केले. खोलीतले चार-पाच जण हसले. मग त्यानं एक कागद पुढं सरकवला. त्यावर आठ-दहा ओळी होत्या. फोनवरचं संभाषण होतं. एका बाजूला जमिनीचा एजंट, दुसऱ्या बाजूला गुरुजी. वरच्या वाडीवाल्यांना काही कळत नाही, दोन दिवस गाडीतून फिरवलं की कुठंही अंगठा देतील, मी एकदा सरपंच झालो की कागद माझ्याच हातात, असं काहीबाही.

शेठ म्हणाला ग्रुपवर गंमत म्हणून टाकायचं आहे. तेव्हा मला काय होणार ते कळलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. कागद वाचतानाच मला ते कळलं होतं. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते आणि मला ते आवडत होतं. एजंटाचं बोलणं शेठचा एक माणूस बोलला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा मधेच कुणीतरी हसलं. तिसऱ्या वेळी मीच म्हणालो की थांबा, गुरुजी असं सरळ बोलत नाहीत. आणि कागदावर नसलेलं “म्हणजे काय, तर” मी दोन ठिकाणी घातलं. ही सुधारणा माझी. ती कुणी मागितली नव्हती.

दोन दिवसांनी ते रेकॉर्डिंग आधी मुंबईला गेलं. आमच्या मुंबईतल्या मंडळाचा ग्रुप आहे, वरच्या वाडीची तरणी माणसं बहुतेक त्यात. तिथून ते वाडीत आलं. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावर मी ते ऐकलं. खाकरणं, मग गुरुजी. आजूबाजूला कुणी हसत नव्हतं. एक जण म्हणाला की मास्तर लोकच असे निघाले तर बोलायचं काय. मी हातातला घास ताटात ठेवला आणि हात धुवायला गेलो.

घरी आलो तर बायकोनंही ऐकलं होतं. तिला तिच्या बहिणीनं पाठवलं होतं. ती भाकऱ्या थापत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “गुरुजी एकदाच खाकरतात. दोनदा तुम्ही खाकरता.”

तिनं तो विषय परत काढला नाही, पण त्या दिवसापासून मी घरात फोनवर कुणाशी बोलायला लागलो की ती हातातलं काम थांबवून ऐकते. अजूनही.

गुरुजींनी काय केलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. पोलादपूरच्या कचेरीत जाऊन त्यांनी लेखी तक्रार दिली. आवाजाची तपासणी बाहेर होते, वेळ लागतो, असं त्यांना समजावून सांगण्यात आलं. मतदान चार दिवसांवर होतं. मग ते एकटेच वरच्या वाडीत घरोघर गेले. लोकांनी त्यांना पाट दिला, चहा दिला. कुणी वाईट बोललं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं, जिच्या तिन्ही पोरांना त्यांनी शिकवलं होतं, त्यांना एवढंच विचारलं, “गुरुजी, ह्यो आवाज तुमचा नाय काय?”

दुसरा कुणी असता तर नाही म्हणून मोकळा झाला असता. गुरुजींनी तिच्या नातवाच्या फोनवर ते परत एकदा पुरतं ऐकलं आणि म्हणाले, “आवाज माझ्यासारखाच आहे. पण मी हे बोललेलो नाही.” वाडीत पहिलं वाक्य तेवढं राहिलं. गुरुजी सोताच म्हनाले आवाज माजा हाय म्हणून. हे मी माझ्या कानांनी दहा जणांकडून ऐकलं आहे.

मतदानाच्या दिवशी मुंबईहून दोन गाड्या भरून माणसं आली, खाली उतरली ती सरळ शाळेतल्या रांगेत. गुरुजी हरले. वरच्या वाडीनं त्यांना जवळजवळ काहीच दिलं नाही. गुलालाच्या मिरवणुकीत शेठनं मला माईक दिला आणि मी तो घेतला. हेही लिहून ठेवतो.

त्या पावसाळ्यात गुरुजींनी बोलणं कमी केल्याचं कानावर आलं. आधी स्टँडवरच्या पेपरवाचनाला येईनासे झाले, मग पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याला गेले पण दोन शब्द बोला म्हटल्यावर हातानंच नको म्हणाले. माझ्या बायकोला बाजारात त्यांच्या घरच्या भेटल्या. आम्ही त्यांना काकी म्हणतो. काकी म्हणाल्या की हे दिवसभर फोन कानाला लावून बसतात, तेच तेच ऐकत.

गणपतीला मी गावी गेलो. घरोघर दर्शनाला जायची आमच्याकडं रीत, त्यामुळं गुरुजींचं घर टाळता आलं नाही. ओसरीवर पाय ठेवला आणि आतून माझा आवाज आला. म्हणजे त्यांचा. गुरुजी माजघरात खुर्चीत बसले होते, समोर गणपती, दिव्यांची माळ, आणि फोन कानाशी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, तुझीच आठवण काढत होतो. बैस. तू आवाजातला माणूस आहेस. हे नीट ऐक आणि मला सांग.

मी ऐकलं. डोकं खाली घालून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं.

गुरुजी हळू आवाजात बोलत होते, काकींना ऐकू जाऊ नये असं. “मला आठवत नाही मी हे कधी बोललो. पण मागं एक माणूस जागेचं विचारायला आला होता, त्याच्याशी फोनवर दोनदा बोलणं झालं होतं. म्हातारपणी माणूस काय बोलून जातो ते त्याला कळतं का रे? बोललोही असेन. तुला काय वाटतं, हा मी आहे का?”

ह्या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर होतं. मी म्हणालो, फोनवर सगळ्यांचेच आवाज बदलतात गुरुजी. त्यांनी मान हलवली. काकींनी हातावर मोदक ठेवला. तो मी वाटेत ओढ्याच्या पुलावर उभा राहून खाल्ला. टाकून द्यायची हिंमत झाली नाही.

बिरवाडीला परत आल्यावर तो आवाज माझ्यामागं लागला. मी काढत नसताना तो यायला लागला. प्लँटमध्ये हेल्परला व्हॉल्व्ह बंद कर म्हणून हाक मारली तर ती गुरुजींच्या आवाजात निघाली. मुलीचा अभ्यास घेताना मी म्हणालो, म्हणजे काय, तर, आणि ती खिदळली, म्हणाली बाबा परत करा. दिवाळीनंतर सामने सुरू झाले, त्या रविवारी मैदानावर माईक हातात घेतला आणि तोंड उघडण्याआधी मला भीती वाटली की आता कोण बोलणार. पोरं ओरडत होती, गुरुजी करा, गुरुजी करा. मी घसा बसल्याचं सांगून खाली उतरलो. त्यानंतर दोन रविवार मी सामन्यांना गेलो नाही. तिसऱ्या रविवारी सकाळच्या एसटीनं गावी गेलो.

गुरुजी ओसरीवर एकटे होते. काकी आत चुलीपाशी. मी चप्पल काढून खाली बसलो आणि सांगून टाकलं. खोली कुठली, कागद कुणी दिला, तिसऱ्या वेळी मी काय घातलं, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मी थांबल्यावर ते बराच वेळ माझ्या गळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “करून दाखव.”

मी नको म्हणालो. ते म्हणाले, “मला ऐकायचं आहे. इथं, माझ्यासमोर.”

मी डोळे मिटले आणि बोललो. पहिलंच वाक्य झालं असेल, आतून काकींची हाक आली, “आले हो, चहाच गाळतेय.” मी गप्प झालो. काकी कप घेऊन बाहेर आल्या, नवऱ्यापुढं धरला, आणि त्यांच्या मिटलेल्या ओठांकडं बघून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

गुरुजी रडायला लागले. मला वाटलं रागानं. पण ते काकींचा हात धरून म्हणत होते, “मी बोललो नव्हतो गं. ऐकलंस ना? मी नव्हतो तो.” तेव्हा मला कळलं की त्या घरात हा प्रश्न नवरा-बायकोतही होता. काकींनीही त्यांच्यावर पुरता विश्वास ठेवला नव्हता, आणि ते त्यांना माहीत होतं. इतके महिने दोघं एका ताटाशी बसून जेवत होती, मधे माझा आवाज.

काकींनी माझ्यासाठी आणलेला कप उचलून परत आत नेला. गुरुजी मात्र मला रागावले नाहीत. डोळे पुसून म्हणाले, आता हे वर जाऊन सांग. मला नको, त्यांना सांग.

मी तसाच वर चढलो. नाचणी कापायचे दिवस होते, दुपारी माणसं सावलीला देवळात टेकली होती. पंधरा-वीस जण असतील. मी उभ्यानंच सांगितलं की ते रेकॉर्डिंग मी केलं, शेठनं करून घेतलं, गुरुजींचा त्यात एक शब्द नाही. माणसं माझ्याकडं बघत विड्या ओढत राहिली. म्हणून मी आवाज काढून दाखवला. तेव्हा सगळे हसले. मनापासून हसले. एक जण म्हणाला, आता तो एसटीचा कंट्रोलर कर. मी परत सांगायला लागलो तर एका म्हाताऱ्यानं विडी विझवत विचारलं, “गुरुजींनी धाडला काय रे तुला?”

मी म्हणालो, हो, पण खरं सांगायला धाडलंय. ते ऐकून त्यानं बाकीच्यांकडं बघितलं, आणि त्यांना जे समजायचं ते समजलं, की मला पढवून पाठवलं आहे.

तीच म्हातारी, जिनं गुरुजींना विचारलं होतं, ती मला सोडायला पाखाडीच्या दगडी पायऱ्यांपर्यंत आली. ती प्रेमानंच बोलत होती. म्हणाली, “तू करतोस बेस, बाबा. पन जमीन तर गेलीच ना? मंग गुरुजी बोलले त्ये खोटं कसं?”

तिनं हात करून दाखवलं. वाडीच्या डाव्या अंगाचा उतार लाल दिसत होता. जेसीबीनं रस्ता पाडला होता, सिमेंटचे खांब रोवून तारेचं कुंपण घालायचं काम चाललं होतं. मधल्या महिन्यांत मुंबईच्या चार-पाच वारसांच्या सह्या परस्पर झाल्या होत्या. जेसीबी शेठचा होता, घेणारं गिऱ्हाईक त्यानंच आणलेलं, हे वाडीत सगळ्यांना दिसत होतं. तरी बोललं जात होतं ते असं, की गुरुजींनी आधीच सगळं ठरवून ठेवलेलं, शेठनं नुसतं पुरं केलं. जे आधी ऐकलं होतं त्याच्या मागं जे घडलं ते जाऊन बसलं होतं. मी त्या म्हातारीला जेसीबी कुणाचा ते विचारलं. तिनं सांगितलं. आणि पुन्हा म्हणाली, पन रेकाडिंग हाय ना.

मग मी शेठकडं गेलो. मला वाटत होतं तो चिडेल, दम देईल. त्यानं खुर्ची दिली. मी जाऊन सांगितलं म्हणून काही बिघडलेलं नाही, असं तो म्हणाला. निवडणुकीत असं चालतं, गुरुजींबद्दल त्याच्या मनात आदरच आहे, शाळेच्या कंपाउंडला त्यांचं नाव द्यायचा त्याचा विचार आहे. तो हे खरंच म्हणत होता. मी लेखी जबाब द्यायला तयार आहे असं गुरुजींना सांगून आलो, पण त्यांना आता पुन्हा कचेरीच्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या. त्यांना हवं होतं ते एकच, वाडीतल्या माणसांनी पूर्वीसारखं सातबारे घेऊन यावं. कुणी आलं नाही.

पुढच्या श्रावणात गुरुजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी कारखान्यातून निरोप टाकून निघालो, पोचलो तेव्हा प्रेत नेत होते. वरच्या वाडीची माणसं आली होती. ती नदीच्या वळणाशी वेगळी उभी राहिली, प्रेत पुढं गेल्यावर मागून चालली. कुणी खांदा दिला नाही. मी पुढं झालो तेव्हा काकींच्या भावानं मला हातानं बाजूला केलं. काकींनीच त्याला सांगून ठेवलं असणार.

त्यानंतर दीड वर्षाहून जास्त त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मान फिरवायच्या. आणि गेल्या चैत्रात त्यांचा निरोप आला, येऊन जा म्हणून.

ओसरी तशीच सारवलेली होती. काकी गुरुजींच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर त्यांचा फोन. मला त्यांनी बस म्हटलं नाही. म्हणाल्या की ह्यांना फोटो, व्हिडिओ काही आवडायचं नाही. प्रचारात बोलले ते कुणी काढून ठेवलं असेल म्हणून त्यांनी विचारून पाहिलं होतं, पण हरलेल्या माणसाचं भाषण कोण जपून ठेवतो. घरात त्यांचा आवाज कुठंच नव्हता. होता तो एवढाच.

“ह्याच्यात पहिलं आहे ना,” काकी म्हणाल्या, “हॅलो, कोण, हां बोला, बोला. तेवढं ठेव. पुढचं काढून टाक.”

मी म्हणालो, काकी, तो आवाज माझा आहे.

“मला माहीत आहे कुणाचा आहे.”

मी फोन घेतला. पुढचं कापून टाकायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही. चार-पाच शब्दांचं जे उरलं ते मी वेगळं ठेवलं, मूळचं पुसून टाकलं, आणि ते कसं लावायचं ते त्यांना दोनदा दाखवलं. त्यांनी बोट ठेवून एकदा करून बघितलं, जमलं म्हणून मान हलवली. मला जा असंही म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर बसून चपला घालत होतो तेव्हा मागून आवाज आला, “हॅलो, कोण? हां, बोला, बोला.” मग थोडं थांबून परत. ओढ्यापर्यंत तो मला ऐकू येत होता, निदान मला तसं वाटत होतं.